पत्ता कुठल्या लाइनला जातो? कोकणात घरपोच माल पोचवणाऱ्या नव्या माणसासाठी

‘मु. पो. शिरगाव, खालची वाडी, मारुतीच्या देवळामागे, जि. रत्नागिरी.’

हा पत्ता लिहिणाऱ्याला तो पूर्ण वाटतो, आणि त्याच्या दृष्टीने तो आहेही. पण एक शिरगाव रत्नागिरी शहराला लागून आहे, दुसरं चिपळूण तालुक्यात आहे आणि जिल्हा लिहायला चुकला असेल तर तिसरं खाली सिंधुदुर्गातल्या देवगड तालुक्यात. खालची वाडी तिन्हीकडे निघू शकते. आणि मारुतीचं देऊळ नसलेलं गाव कोकणात शोधून दाखवा.

मी रत्नागिरीतून किराणा आणि हंगामात आंब्याच्या पेट्या घरपोच पाठवणाऱ्या एका छोट्या धंद्याचं ऑर्डरचं टेबल सांभाळते. सकाळी नऊच्या आत प्रत्येक ऑर्डरवर एकच शब्द लिहायचा असतो : लाइन. पावस लाइन, पुळे लाइन, हातखंबा लाइन, शहर वरची, शहर खालची. नकाशावर आखलेल्या ज्या तुकड्यात एक गाडी एका फेरीत फिरते, तो तुकडा म्हणजे लाइन. शब्द चुकला की पेटी चुकीच्या गाडीत चढते आणि दुपारी दोनला ड्रायव्हरचा फोन येतो, “ताई, हे घर माझ्याकडे नाहीच.” तोवर बरोबर लाइनची गाडी पूल ओलांडून गेलेली असते. टेबलावर पहिल्यांदाच बसणाऱ्यासाठी मी शिकलेलं खाली ओळीने सांगते. संगणक आला नाही तरी चालेल, पहिली दोन कामं वहीत होतात.

आधी पत्ते वाचा, नकाशा नंतर उघडा

नवा माणूस पहिल्या दिवशी नकाशा उघडतो आणि गोल काढतो. तसं करू नका. मागच्या शंभर-दीडशे ऑर्डरी छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा. प्रत्येक पत्त्यात गाव, वाडी, खूण आणि पिनकोड यांच्याखाली वेगवेगळ्या रेघा मारा. तासाभरात लक्षात येईल की रस्त्याचं नाव आणि घर नंबर, ज्यांच्यावर शहरातली सगळी सॉफ्टवेअरं उभी आहेत, ते इथल्या पत्त्यांत जवळजवळ नसतातच. घरपट्टीच्या पावतीवर ग्रामपंचायतीचा घर क्रमांक असतो, पण तो विचारलात तर घरात शोधाशोध सुरू होते, आणि सापडला तरी शेजारच्याला तो ठाऊक नसतो. इथला पत्ता म्हणजे वाट सांगणं असतं. तिठ्यावरून डावीकडे, पाण्याची टाकी, मग घाटी उतरून अमक्यांचं घर.

या कामाचं एकक वाडी आहे. गाव फार मोठं पडतं, घर हाताला लागत नाही, वाडी बरोबर मुठीत बसते. एका गावाच्या आठ-दहा वाड्या असतात, काही वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, काही खाली खाडीकाठी, आणि त्या एकमेकींपासून दोन-तीन किलोमीटरवर असू शकतात. गाव एक असलं तरी लाइन दोन होतात.

पिनकोडवर किती विसंबायचं

गाळणी म्हणून वापरा, तराजू म्हणून नको. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला तो टपाल छाटण्यासाठी. पहिला आकडा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून छाटणीचा जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणारं टपाल कार्यालय. टपालाचा जिल्हा आणि महसुली जिल्हा एकच असतो असं मात्र नाही. ४१५ ने सुरू झालं की रत्नागिरी, हे इथल्या पुष्कळ लोकांचं पाठ झालेलं गणित आहे आणि ते दोन्हीकडून चुकतं. साताऱ्याचा पिनकोड ४१५००१ आहे. आणि लांजा ४१६७०१, राजापूर ४१६७०२ हे रत्नागिरी जिल्ह्यात असून ४१६ ने सुरू होतात, म्हणजे कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या पंगतीत बसतात.

तेव्हा पिनकोडने एवढंच तपासायचं : पत्त्यातलं गाव आणि पिनकोड एकाच तालुक्याच्या आसपास आहेत का? मुरुड लिहिलंय आणि पिन ४१५७ ने सुरू होतो, तर तो दापोलीच्या बाजूचा मुरुड. पिन ४०२ ने सुरू होतो, तर तो रायगडातला, जंजिऱ्याचा. एवढं काम पिनकोड छान करतो. लाइन ठरवण्याचं काम त्याला देऊ नका. रत्नागिरी शहराच्या ४१५६१२ मध्येच आमच्या दोन लाइनी फिरतात.

वाड्यांची यादी

हे सगळ्यांत कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यांत मोलाचं. गूगल शीटमध्ये एक तक्ता करा : तालुका, गाव, वाडी, दुसरी नावं, खूण, लाइन. गावापुढे सरकारी लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला गावाचा कोड लिहून ठेवा. तो प्रत्येक गावाला वेगळा असतो, त्यामुळे दोन शिरगावांची सरमिसळ होत नाही.

वाड्यांची नावं कोणाला विचारायची? पोस्टमनला, एस. टी. च्या कंडक्टरला, ग्रामपंचायतीच्या शिपायाला आणि गॅसचा सिलेंडर पोचवणाऱ्याला. शेवटचा सगळ्यांत कामाचा, कारण त्याला गाडी कुठवर जाते तेही माहीत असतं. मी आमच्या गॅसवाल्याला दोन दिवस चहा पाजला आणि सहा गावांच्या वाड्या उतरवून घेतल्या. दोन दिवसांत मला नकाशाने दिलं नसतं तेवढं त्याने दिलं.

‘दुसरी नावं’ हा रकाना रिकामा ठेवू नका. एकाच जागेला तीन नावं असतात. शिवाय जातीवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, त्यामुळे कागदावर समतानगर आणि म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी जुनं नाव, असं बरेचदा आढळतं. तक्त्यात दोन्ही ठेवा, म्हणजे पत्ता जुळेल. पेटीवरच्या चिठ्ठीवर मात्र नवं नावच छापा. जुळवणीसाठी लागतं म्हणून ते नाव परत गावभर मिरवायची गरज नाही.

इथे एक बारीक काटा आहे, त्याने माझे दोन आठवडे खाल्ले. तक्त्यात ‘मिऱ्या’ होतं, ऑर्डरीतही ‘मिर्‍या’ होतं, डोळ्यांना दोन्ही सारखेच, आणि संगणक म्हणे जुळत नाही. कारण हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत त्याला स्वतःचं वेगळं अक्षर आहे, दुसरीत साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. तसंच ‘स्टॉप’चं : काही फोन ॉ हे एकच चिन्ह टाकतात, काही जण काना देऊन वर चंद्र काढतात. साळवी स्टॉपचे अर्धे पत्ते त्यामुळे अधांतरी लटकत होते. उपाय सोपा आहे. जुळवणी करण्याआधी ‘शोधा आणि बदला’ वापरून सगळीकडे एकच रूप करून घ्या, मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागा काढा, ‘गांव’चं ‘गाव’ करा. इंग्रजीत लिहिलेल्या पत्त्यांचं दुखणं वेगळं. कुवारबाव कोणी व्ही घालून लिहितं, कोणी डब्ल्यू. ती रूपंही ‘दुसरी नावं’मध्येच टाका.

आता लाइन आखा

आधी सांगितलं तसं गोल काढू नका, याचं कारण आता सांगते. जयगडला उभे राहिलात तर शास्त्री नदीच्या मुखापलीकडे समोर तवसाळ दिसतं. जयगडभोवती दहा किलोमीटरचा गोल काढला तर तवसाळ आरामात आत येतं. पण ते गुहागर तालुक्यात आहे आणि मध्ये खाडी आहे. फेरीबोट मिळाली तर ठीक, चुकली तर राई-भातगावच्या पुलावरून केवढा तरी वळसा. दाभोळ आणि धोपावे यांचं तेच, बाणकोट आणि बागमांडल्याचं तेच. शहराजवळही तसंच : मिऱ्या आणि काळबादेवी समोरासमोर, मध्ये साखरतरची खाडी. कोकणात सरळ रेषेतलं अंतर कावळ्याच्या उपयोगाचं, टेम्पोच्या नाही.

म्हणून पहिल्यांदा पुलांवर खुणा करा. भाट्याचा पूल ओलांडला की फणसोप, गोळप, पावस ही एकच ओळ लागते आणि गाडीला परत त्याच पुलावरून यायचं असतं, म्हणून ती एक लाइन. साखरतरचा पूल ओलांडून किनाऱ्याने आरे-वारेवरून गणपतीपुळ्यापर्यंत दुसरी. महामार्गाच्या बाजूने कुवारबाव ते हातखंबा तिसरी. शहरात उंचीने वाटणी केली : मांडवी, राजिवडा, खालची आळी, गोखले नाका हे खालचं शहर, मारुती मंदिर, शिवाजीनगर, नाचणे, साळवी स्टॉप हे वरचं. तुमच्या गावी वेगळं असेल. पण प्रश्न तोच विचारा : गाडी इथून तिथे कुठल्या पुलावरून, कुठल्या घाटीने जाते?

आखायला गूगलचं माय मॅप्स पुरतं. नवा नकाशा उघडायचा, रेघ काढायचं साधन घ्यायचं, आणि टोक फिरवून पहिल्या टिंबाला आणून जोडलं की बंद तुकडा तयार होतो. त्याला लाइनचं नाव द्यायचं. आखताना तीन गोष्टी सांभाळा.

हद्द रस्त्याच्या मधोमध नेऊ नका. नव्या माणसाला रस्ता ही सोयीची रेघ वाटते, पण मग समोरासमोरची दोन घरं दोन गाड्यांना जातात आणि दोघे ड्रायव्हर एकाच चहाच्या टपरीवर भेटून तुमच्यावर हसतात. हद्द घरांच्या मागून न्या, परसाच्याही मागून. खाडी, मोठा पऱ्या (ओहोळ), डोंगराचा कडा, मोकळा सडा यांवरून हद्द न्यायला हरकत नाही, तिथे कोणी राहत नाही.

दोन तुकड्यांत फट राहू देऊ नका आणि ते एकमेकांवर चढवूही नका. फटीतलं घर कोणाचंच नाही, चढलेल्या पट्टीतलं घर दोघांचं. पुढे क्यूजीआयएस हे फुकट मिळणारं नकाशाचं सॉफ्टवेअर वापरलंत तर त्यात स्नॅपिंग चालू करून शेजारच्या तुकड्याचीच टिंबं पकडता येतात. माय मॅप्समध्ये हे डोळ्यांनीच करावं लागतं.

तिसरी गोष्ट म्हणजे गावाची महसुली हद्द ही लाइनची हद्द नव्हे. गाव तोडायला लागलं तर तोडा, वाडी मात्र तोडू नका.

पत्त्याचा बिंदू आणि त्याची प्रत

आता प्रत्येक ऑर्डरीला अक्षांश-रेखांश हवेत. ते तीन वाटांनी येतात, आणि बिंदू कुठल्या वाटेने आला हे त्याच्या शेजारी लिहिणं बिंदूइतकंच गरजेचं आहे. आम्ही दर्जाच्या तीन प्रती मानतो : पक्का, वाडीपुरता, गावापुरता.

पक्का म्हणजे आमच्याच माणसाने तिथे उभं राहून घेतलेला, किंवा गिऱ्हाइकाने घरी बसून पाठवलेला. ‘घरी बसून’ यावर जोर आहे. कोकणातल्या ऑर्डरीतली एक गंमत म्हणजे पैसे भरणारा मुंबईत असतो आणि माल आईवडलांकडे गावी जायचा असतो. मी एकदा बसणीच्या पत्त्यासाठी मुलाला म्हटलं, “लोकेशन पाठवा हं.” त्याने तत्परतेने पाठवलं. उघडलं तर बोरिवली. त्याचं काही चुकलं नव्हतं, मी विचारलं चुकीचं. तेव्हापासून मी म्हणते, “गावच्या घराचं लोकेशन, गावी असलेल्या माणसाच्या फोनवरून.” आणि ऑर्डर घेताना दोन नंबर मागते, एक पैसे भरणाऱ्याचा, एक घर उघडणाऱ्याचा.

वाडीपुरता बिंदू म्हणजे तुमच्या तक्त्यातला. प्रत्येक वाडीसाठी नकाशावर एक टिंब देऊन ठेवायचं, शक्यतो वाडीच्या देवळावर किंवा शाळेवर. पत्त्यात वाडी सापडली की तेच टिंब लागू.

गावापुरता बिंदू जिओकोडरकडून येतो, म्हणजे मजकूर दिला की अक्षांश-रेखांश देणाऱ्या सेवेकडून. तिला घर सापडलं नाही तरी ती गप्प बसत नाही. गावाचा नाहीतर पिनकोडचा मधला बिंदू हातावर ठेवते. आकडा दशांशानंतर सात स्थळांपर्यंत असतो म्हणून माणूस फसतो. गूगलच्या जिओकोडरच्या उत्तरात याची कबुली असते : ‘रूफटॉप’ म्हणजे नेमकं ठिकाण, ‘अप्रॉक्झिमेट’ म्हणजे अंदाज. तो रकाना शीटमध्ये उतरवल्याशिवाय बिंदू वापरायचा नाही. एका ॲपने आमची काळबादेवीची ऑर्डर थेट मुंबईच्या काळबादेवीत, ४००००२ मध्ये नेऊन ठेवली होती. आकड्यांच्या बाबतीत चूक शून्य! म्हणून शोधताना नुसतं गाव देऊ नका. तालुका, जिल्हा आणि पिन जोडा, आणि आलेला बिंदू आपल्या जिल्ह्याच्या चौकटीत आहे का ते आधी पाहा.

दशांशाचं गणित एकदा डोक्यात बसवा. तीन स्थळं म्हणजे सुमारे ११० मीटर, चार म्हणजे ११, पाच म्हणजे साधारण एक मीटर. पाचच्या पुढचे आकडे आपल्या कामाला लागत नाहीत.

टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणला. साऱ्या देशाचे सुमारे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला १० अक्षरी खूण दिली आहे, आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या मदतीने. फोनवर सांगायला तो अक्षांश-रेखांशापेक्षा बरा, कारण शून्य, एक असली गोंधळाची चिन्हं त्यात नाहीत. गूगलचे प्लस कोडही त्याच जातीचे. गिऱ्हाइकाने दिला तर आनंदाने घ्या, ‘पक्का’मध्ये धरा. पण तो जागा सांगतो, वाट नाही. आणि वाटेचीच तर इथे खरी गोम आहे.

घर कुठे, गाडी कुठे

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. गोळपकडच्या एका घराचा बिंदू पक्का होता, उपग्रहाच्या चित्रात कौलंही दिसत होती. सगळ्यांत जवळचा रस्ता वरचा, सड्यावरचा, म्हणून ऑर्डर सड्याच्या फेरीत टाकली. ड्रायव्हर वर पोचला. घर खाली शंभर मीटरवर, पण त्या शंभर मीटरमध्ये जांभ्या दगडाची उभी पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, शेवाळलेली, आणि त्याच्या खांद्यावर पाच डझनी पेटी. तो दोनदा उतरला, दोनदा चढला. वर येऊन त्याने मला फोन केला तेव्हा धापच जास्त ऐकू येत होती. खालून, आगराच्या बाजूने, गाडी थेट खळ्यापर्यंत जात होती हे घरच्या काकींनी त्याला पाणी देताना सांगितलं.

त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक पत्त्याला दोन बिंदू ठेवतो : एक घराचा, एक गाडी लागते तिथला. लाइन जुळवायची ती गाडीच्या बिंदूवरून. घराचा बिंदू फक्त शेवटच्या पावलांसाठी. नव्या माणसाने या लेखातलं दुसरं काही केलं नाही तरी हे करावं. शहरातल्या पद्धती घराचा बिंदू पकडतात कारण तिथे दारात रस्ता असतो. इथे दारात दगडी गडगा असतो, आवाराचं बेडं (फाटक) असतं, मध्ये कुणाची तरी बाग असते.

जुळवणी

आता हे काम यंत्राचं. बिंदू तुकड्याच्या आत आहे की बाहेर, हे संगणक कसा ओळखतो ते एकदा समजून घ्या, म्हणजे चूक कुठे होते ते कळेल. तो बिंदूपासून एका बाजूला सरळ रेघ ओढतो आणि ती हद्दीला किती वेळा छेदते ते मोजतो. विषम वेळा छेदली तर आत, सम वेळा तर बाहेर. कागदावर वाकडातिकडा तुकडा काढून करून बघा, मजा वाटते.

माय मॅप्समधून तुकडे केएमएल या नकाशाच्या फाइलीत उतरवा आणि क्यूजीआयएसमध्ये उघडा. शीटमधल्या ऑर्डरी सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) म्हणून उतरवून ‘डिलिमिटेड टेक्स्ट’ लेयर म्हणून घाला. एक्स म्हणजे रेखांश, वाय म्हणजे अक्षांश, आणि निर्देशांक पद्धत ईपीएसजी ४३२६, म्हणजे नेहमीचे अक्षांश-रेखांश. मग ‘जॉइन ॲट्रिब्यूट्स बाय लोकेशन’ चालवलं की प्रत्येक ऑर्डरीपुढे लाइनचं नाव येऊन बसतं. एक्सेलमधून सीएसव्ही काढणार असाल तर यूटीएफ-८ वाला पर्याय निवडा, नाहीतर सगळ्या वाड्यांची प्रश्नचिन्हं होतील.

इथली नेहमीची चूक म्हणजे आकड्यांची अदलाबदल. गूगल मॅप्स आधी अक्षांश दाखवतं, मग रेखांश. जिओजेसन या नकाशाच्या दुसऱ्या तऱ्हेच्या फाइलींत आधी रेखांश, मग अक्षांश. रत्नागिरी आहे १६.९९ उत्तर, ७३.३१ पूर्व. उलटं झालं की ती नॉर्वेच्याही उत्तरेला, थंडगार समुद्रात जाते. सगळ्याच ऑर्डरी ‘कुठल्याच लाइनला नाही’ अशा आल्या तर घाबरू नका, आधी हेच बघा.

रोजच्या वीस-तीस ऑर्डरींसाठी एवढा खटाटोप नको वाटत असेल तर करूच नका. वाडीचा तक्ता चांगला असेल तर शीटमधल्या व्हीलुकअप या शोधसूत्राने गाव-वाडी या जोडीवरून लाइन थेट ओढता येते. नकाशा मग फक्त अडलेल्यांसाठी.

अडलेले पत्ते

यंत्राने लाइन दिली म्हणजे झालं असं नाही. तीन तऱ्हेचे पत्ते मी हाताने बघते.

पहिले, ज्यांचा बिंदू एका गावात आणि मजकुरातलं गाव दुसरं. मजकूर आणि बिंदू भांडले की बाजू कोणाचीच घ्यायची नाही, फोन करायचा.

दुसरे, हद्दीच्या शंभर मीटरच्या आतले. तिथे बिंदूची थोडी चूकही लाइन बदलते.

तिसरे, गावापुरत्या बिंदूचे. पण यात एक सवलत आहे. सगळं गाव एकाच लाइनमध्ये असेल तर गावापुरता बिंदूही पुरतो, उगाच फोन करून माणसाला सतावू नका. गाव दोन लाइनींत वाटलं गेलं असेल तरच वाडी विचारा. म्हणून तक्त्यात अशा फुटलेल्या गावांना लाल रंग देऊन ठेवा. आमच्याकडे ती मोजकीच आहेत, आणि टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाला आठवड्यात तोंडपाठ होतात.

फोनवर काय विचारायचं हेही शिकावं लागतं. “तुमचा पूर्ण पत्ता सांगा” म्हटलं की माणूस परत तोच ‘मु. पो.’ वाचून दाखवतो. असं विचारा :

“काकी, दुकानातून बोलतेय, मुलाने सामान पाठवलंय. एस. टी. ने आलात तर कुठल्या स्टॉपला उतरता?”

“शाळेकडं.”

“तिथून घर वरच्या अंगाला की खालच्या?”

“खालच्या. पऱ्या लागतो ना, त्याच्या अलीकडं.”

“चारचाकी कुठवर येते?”

“मांगरापर्यंत येते. पुढं गाडी नको घालू म्हणावं, आंब्याच्या फांद्या लागतात.”

तीन प्रश्नांत लाइन, गाडीचा बिंदू आणि ड्रायव्हरसाठी सूचना. एस. टी. चा स्टॉप हा प्रश्न कधीच वाया जात नाही. गुगलला वाडी ठाऊक नसेल, पण स्टॉप कुठल्या रस्त्यावर आहे हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि रस्ता कळला की लाइन कळलीच.

पोचल्यावर

माल दिल्यावर ड्रायव्हरने गाडीजवळ येऊन एकदा, दारात एकदा लोकेशन घ्यावं. आमच्या पोरांना सुरुवातीला जीव नकोसा व्हायचा, म्हणून पहिल्यांदाच जाणाऱ्या घरापुरतंच ठेवलं. दुसऱ्या वेळी त्यांचाच त्रास वाचतो हे कळल्यावर आपणहून घ्यायला लागले. रेंज नसेल तरी फोनला जीपीएस मिळतं, बिंदू जतन करायचा आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवायचा. वही भरत जाते तसे ‘गावापुरते’ पत्ते ‘पक्के’ होत जातात.

हे बिंदू लोकांच्या घरांचे आहेत, त्यातली बरीच घरं वर्षातले दहा महिने बंद असतात. ते व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरवू नका. ज्या लाइनचे बिंदू, त्याच ड्रायव्हरला, त्या दिवसापुरते.

पावसाळा आणि चाकरमानी

लाइनी वर्षभर एकच राहत नाहीत. जूनमध्ये साकव, म्हणजे ओढ्यांवरचे छोटे पूल, पाण्याखाली जातात, मातीच्या पाणंदीत टेम्पो रुततो, काही वाड्यांना मग दुसऱ्याच बाजूने जावं लागतं. आम्ही पावसाळी नकाशा वेगळा ठेवतो : तुकडे तेच, पण सात-आठ वाड्यांचा गाडीचा बिंदू बदललेला, आणि दोन वाड्या शेजारच्या लाइनला दिलेल्या. मेच्या शेवटच्या आठवड्यात ड्रायव्हरांना बसवून एकेक साकव विचारून घ्यायचा.

गणपती, शिमगा आणि मे महिन्यात उलटं होतं. बंद घरं उघडतात, वर्षभर एकही ऑर्डर न येणाऱ्या वाडीतून एका दिवसात बारा येतात. तेव्हा हद्दी हलवायचा मोह होतो. हलवू नका, त्या लाइनला दुसरी फेरी द्या. हद्द हलवली की तक्ता, चिठ्ठ्या आणि ड्रायव्हरच्या डोक्यातला नकाशा असे तिन्ही एकदम बिघडतात, आणि तिसरा दुरुस्त करायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो.

दर शनिवारी मी त्या आठवड्यात चुकलेल्या ऑर्डरी काढते आणि प्रत्येकीपुढे कारण लिहिते : नाव जुळलं नाही, बिंदू चुकला, हद्द चुकली, की खूण गेली. शेवटचं कारण तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं. मागच्याच आठवड्यात पावस लाइनच्या ड्रायव्हरने खुणेच्या रकान्यात लिहून पाठवलं : ‘वळणावरचा फणस तोडला. आता निळी टाकी बघा. टाकीवाले म्हणतात दिवाळीत रंग देणार.’